समुद्रात खांब रोवणाऱ्या मंडळींना: माशांची गर्दी दाखवू नका, शिरगणती दाखवा

प्रति,
समुद्रात तेल-वायूचे प्लॅटफॉर्म आणि पवनचक्क्या उभ्या करणाऱ्या कंपन्या, त्यांना परवाने देणारी सरकारी खाती, आणि या दोघांसाठी पर्यावरण अहवाल लिहून देणारे सल्लागार, म्हणजे तुम्ही सगळेच.

नमस्कार मंडळी,

तुमचा तो ठरलेला व्हिडिओ पुन्हा एकदा बघितला आणि म्हटलं आता लिहितोच. कॅमेरा पाण्याखाली जातो, गंजलेला लोखंडी पाय दिसतो, त्याला शिंपले नि अ‍ॅनिमोन लगडलेले, आजूबाजूला मासेच मासे, मागे मंद म्युझिक आणि खाली पट्टी की बघा आमच्यामुळे समुद्र कसा फुललाय. तुमच्या विरोधकांचाही एक ठरलेला फोटो असतो, किनाऱ्यावर फुगून पडलेला व्हेल आणि वर ठळक अक्षरात की पवनचक्क्यांनी मारला. दोन्ही बघून मला एकच प्रश्न पडतो, अहो आधी एकूण किती होते आणि आता एकूण किती उरलेत? ते कुणीच सांगत नाही.

मी शास्त्रज्ञ नाही, आधीच सांगून टाकतो. वाचायची खोड आहे इतकंच, आणि तुमचे ते हजार-हजार पानी अहवाल लोकांसाठी खुले असतात पण ते कुणी वाचत नाही हे तुम्हालाही चांगलं माहितीय, म्हणून मी वाचतो.

तर पहिली गोष्ट म्हणजे गर्दी. स्टेशनवर संध्याकाळी माणसं उसळलेली दिसतात म्हणून शहराची लोकसंख्या वाढली असं कुणी म्हणत नाही. माशांच्या बाबतीत मात्र तुम्ही सरळ तेच म्हणता. सपाट वाळूच्या तळावर एकदम एक उंच टणक वस्तू उभी राहिली की तिच्यावर शेवाळ धरतं, शिंपले बसतात, शिंपल्यांच्या आधारानं खेकडे नि बारके जीव येतात, त्यांना खायला मासे येतात आणि माशांच्या मागे सील. हे सगळं खरंय, मी नाकारत नाही. उत्तर समुद्रात टॅग लावलेल्या काही सीलनी तर कमालच केली, २०१४ मध्ये त्यांच्या फिरण्याचे नकाशे छापून आले त्यात ते एका पवनचक्कीपासून दुसरीकडे, दुसरीकडून तिसरीकडे असं सरळ रेषेत जाताना दिसतात, म्हणजे पोस्टमननं घरोघर फिरावं तसं. पण हे मासे तिथं जन्मले, की आधी दहा किलोमीटर लांब पसरून राहात होते ते इथं गोळा झाले? गोळा झाले असतील तर ते पकडायला सोपे झाले, आणि मग तुमचा खांब म्हणजे घर राहात नाही, आमिष होतो. हा वाद मत्स्यशास्त्रात कित्येक वर्षं चालू आहे आणि तुमच्या व्हिडिओत त्याचा मागमूस नसतो.

यावर मेक्सिकोच्या आखातातला रेड स्नॅपर माशाचा किस्सा सांगतो कारण मला तो फार आवडतो. तिथं १९४७ पासून आजवर हजारो प्लॅटफॉर्म उभे राहिलेत, मासेमारी करणारे गळ घेऊन थेट त्यांच्याचकडे जातात, त्यामुळे स्नॅपर म्हणजे रिगवरचा (तेलाच्या प्लॅटफॉर्मवरचा) मासा असं समीकरणच होऊन बसलं होतं. मग अमेरिकी संसदेनं पैसे दिले आणि मोठी मोजणी झाली, २०२१ मध्ये आकडा आला, साधारण ११ कोटी मासे, म्हणजे आधीच्या सरकारी अंदाजाच्या जवळपास तिप्पट. आणि त्यातले बहुतेक कुठं सापडले तर रिगवर नाही, नावाजलेल्या खडकांवरही नाही, नकाशावर ज्याची धड नोंदसुद्धा नव्हती अशा साध्या तळावर पसरलेले! आपण जिथं बघत होतो तिथं ते दाटीनं होते, म्हणून दिसत होते. एकूण मोजले तेव्हा कळलं.

आता उलट उदाहरण देतो, नाहीतर म्हणाल हा आमच्यावर खारच खाऊन आहे. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यासमोर तेलाचे जुने प्लॅटफॉर्म आहेत, तिथं मिल्टन लव्ह नावाचे संशोधक आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं छोट्या पाणबुडीतून मासे मोजत आले. बोकाचिओ नावाचा एक रॉकफिश आहे, तेव्हा अतिमासेमारीनं पार खाली गेलेला. त्यांनी २००३ मध्ये आठ प्लॅटफॉर्मवर त्याची किमान ४ लाख ३० हजार पिल्लं मोजली, आणि इथंच न थांबता हिशोब केला की त्या जातीची दरवर्षी सरासरी जितकी पिल्लं जगतात त्याच्या हे साधारण २० टक्के होतात. याला म्हणतात मोजणं! आठ प्लॅटफॉर्मवर अख्ख्या जातीच्या पाचव्या हिश्श्याइतकी पिल्लं. पुढे २०१४ मध्ये तिथल्याच प्लॅटफॉर्मवर आणखी एक अभ्यास आला, त्यात तळाच्या दर चौरस मीटरमागे माशांचं जे उत्पादन निघालं ते जगात मोजल्या गेलेल्या कुठल्याही समुद्री अधिवासापेक्षा जास्त होतं. म्हणजे तुमचा व्हिडिओ कधीकधी खरा असतो हो, पण तो खरा आहे हे व्हिडिओवरून कळत नाही, त्यामागच्या भागाकारावरून कळतं.

आता आवाजाकडे येतो.

पवनचक्कीचा पाया म्हणजे बहुतेक वेळा एकच अवाढव्य पोलादी नळी, आता तर आठ-दहा मीटर व्यासाची, आणि ती तळात ठोकायची म्हणजे हायड्रॉलिक हातोड्यानं तासन्‌तास हजारो घाव. पायलिंग म्हणतात ते. जमिनीवर शेजारच्या प्लॉटवर पायलिंग सुरू झालं की आपण खिडक्या लावून घेतो, पाण्याखाली खिडकी नाही आणि आवाज हवेच्या चौपटीहून जास्त वेगानं पळतो नि लांबवर पोचतो. हार्बर पॉर्पॉइज हा डॉल्फिनचा बुटका चुलतभाऊ, तो या ठोकाठोकीपासून २० किलोमीटरपर्यंत लांब पळतो असं डेन्मार्क आणि जर्मनीच्या प्रकल्पांवर मोजलं गेलंय. पळाला तर पळाला, परत येईल, असं तुमचे अहवाल म्हणतात आणि बऱ्याचदा तो येतोही. पण या प्राण्याचं शरीर लहान, पाणी थंड, त्याला सतत खावं लागतं. टॅग लावलेल्या काही पॉर्पॉइजनी तासाला ५५० पर्यंत छोटे मासे मारायचे प्रयत्न केल्याची नोंद आहे आणि त्यातले नव्वद टक्क्यांहून जास्त यशस्वी. असा प्राणी अर्धा दिवस उपाशी पळत राहिला तर त्याला काय पडतं, आणि मादीच्या पोटात पिल्लू असेल तर? 'तात्पुरते विस्थापन' या दोन शब्दांत हे सगळं मावत नाही.

आणि यावर उपाय नाही असंही नाही ना! जर्मनीनं नियमच करून टाकलाय की ठोकण्याच्या जागेपासून ७५० मीटरवर आवाज १६० डेसिबलच्या वर जाता कामा नये (पाण्यातले डेसिबल आणि हवेतले डेसिबल वेगळे मोजतात, त्यामुळे रॉक कॉन्सर्टशी तुलना करत बसू नका, सगळे बातमीदार ती चूक करतात). मग कंपन्यांनी झक मारत बुडबुड्यांचा पडदा वापरायला घेतला. तळावर भोकं पाडलेला पाइप गोल टाकायचा, कॉम्प्रेसरनं हवा सोडायची, बुडबुड्यांची भिंत उभी राहते आणि आवाज तिथं बराचसा मरतो. साधी गोष्ट आहे, नियम झाल्यावर जमली. न ठोकता पाया घालायच्या पद्धतीही आहेत, पंपानं पाणी ओढून तळात रुतवायचे बकेटसारखे पाये, किंवा नुसत्या वजनावर बसणारे काँक्रीटचे. फ्रान्समध्ये फेकाँपच्या ७१ पवनचक्क्या अशा वजनदार पायांवर उभ्या आहेत. तळ कसा आहे, खोली किती आहे त्यावर ते अवलंबून असतं हे मान्य, सगळीकडे जमणार नाही. पण जिथं जमतं तिथंही 'खर्चिक' म्हणून बाजूला सारता तेव्हा निदान तसं स्पष्ट लिहा की, 'तांत्रिकदृष्ट्या अव्यवहार्य' कशाला लिहिता?

बरं, बांधून झाल्यावर काय होतं? इथं मला तुमची सगळ्यात जास्त गंमत वाटते. डेन्मार्कच्या बाल्टिक भागात निस्टेड नावाचा प्रकल्प २००३ मध्ये सुरू झाला, ७२ पवनचक्क्या. तिथं दहा वर्षांनीसुद्धा पॉर्पॉइजचा वावर आधीच्या पातळीला आला नव्हता, हळूहळू वाढत होता पण बराच खाली. आणि नेदरलँड्सच्या एग्मंडला नेमकं उलट, प्रकल्पाच्या आत बाहेरच्यापेक्षा जास्त पॉर्पॉइज. प्राणी तोच, पवनचक्क्याही साधारण त्याच पिढीच्या, मग असं का? एक शक्यता अशी की एग्मंडच्या आसपास ट्रॉलर आणि जहाजांची प्रचंड वर्दळ असते, पवनचक्क्यांच्या आत ती बंद, म्हणून त्यांना तिथं शांतता मिळाली आणि खाणंही. पण त्याच काळात डच किनाऱ्यालगत एकूणच पॉर्पॉइज वाढत होते, हे कसं कळलं, तर मोठ्या मोजणीमुळे. युरोपातले देश मिळून १९९४, २००५, २०१६ आणि २०२२ असं चार वेळा जहाजं नि विमानं घेऊन अख्खा उत्तर समुद्र पिंजून काढतात, तिथं साधारण साडेतीन लाख पॉर्पॉइज निघतात, आणि १९९४ ते २००५ मध्ये दिसलं की एकूण आकडा फार हलला नाही पण त्यांचा जमाव उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकलाय. आता समजा ही मोजणी झालीच नसती. उत्तरेकडचा प्रकल्पवाला म्हणाला असता बापरे आमच्यामुळे गेले, दक्षिणेकडचा म्हणाला असता आमच्यामुळे आले, आणि दोघंही चुकले असते. म्हणून म्हणतोय शिरगणती करा.

पक्ष्यांचं वेगळंच. सगळे पात्यात सापडून मरतात हा लोकांचा समज, पण काही पक्षी आपटतच नाहीत, ते तो भागच सोडून देतात. जर्मन समुद्रात लाल गळ्याचा डायव्हर नावाचा लाजाळू पक्षी आहे, पवनचक्क्यांपासून १ किलोमीटरच्या आत त्याची संख्या ९४ टक्क्यांनी घटली आणि १० किलोमीटरच्या आत निम्म्याहून जास्त, असं २०२३ च्या अभ्यासात आलंय. ते मेले असं नाही, ते हलले. पण हिवाळ्यात खायची चांगली जागा सोडून दुसरीकडे दाटीवाटीनं राहायला लागलं तर पुढच्या विणीच्या हंगामात काय होतं, ते तुमच्या दोन-तीन वर्षांच्या देखरेखीत दिसणार कसं? समुद्रपक्षी दोन-तीन दशकं सहज जगतात, वर्षाला एखाद-दुसरं अंडं. असल्या जातीत प्रौढ पक्षी थोडे जरी जास्त मेले तरी आकडा खाली जातो, आणि तो इतका हळू जातो की तुमचं कंत्राट संपेपर्यंत कुणाच्या लक्षातही येत नाही. उलट किटीवेक नावाच्या समुद्रपक्ष्यासारखे काही पठ्ठे नॉर्वेच्या पाण्यात चक्क तेलाच्या प्लॅटफॉर्मवर घरटी करतात. आणि रात्री गॅसच्या ज्योतीभोवती, दिव्यांभोवती स्थलांतर करणारे पक्षी गरगर फिरत राहतात थकेपर्यंत, हे तेलवाल्यांनो तुमचं, याची चर्चा पवनचक्क्यांच्या दहाव्या हिश्श्यानंही होत नाही. नेदरलँड्सनं मे २०२३ मध्ये स्थलांतराच्या रात्री दोन प्रकल्पांतल्या पवनचक्क्या चार तास जवळजवळ थांबवून दाखवल्या, वीज काही गेली नाही कुणाची.

समुद्राखालच्या केबलचं थोडक्यात सांगतो. त्यांच्या चुंबकीय क्षेत्रानं खेकडे, पाकटं, शेवंड यांच्या वागण्यात फरक पडतो असं प्रयोगांत दिसलंय, पण काही प्रयोगांत वापरलेलं क्षेत्र प्रत्यक्ष केबलपेक्षा बरंच तीव्र होतं, तेव्हा घाबरून जायचं कारण नाही आणि दुर्लक्ष करायचंही नाही.

तेलवाल्यांनो, हा व्हेलचा फोटो तुमच्यातलेही काही जण मोठ्या आनंदानं फिरवतात म्हणून सांगतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर हंपबॅक व्हेल नेहमीपेक्षा जास्त मरायला लागले ते २०१६ पासून, ज्यांची तपासणी झाली त्यातल्या साधारण ४० टक्क्यांवर जहाजाची धडक किंवा जाळ्यात अडकल्याच्या खुणा होत्या, आणि पवनचक्क्यांच्या कामाशी संबंध जोडणारा पुरावा तिथल्या सरकारी शास्त्रज्ञांना सापडलेला नाही. आणि तुमच्या खात्यात काय आहे, तर २० एप्रिल २०१०, मेक्सिकोच्या आखातातल्या डीपवॉटर होरायझन या तेलाच्या रिगवरचा स्फोट. ११ माणसं गेली, तेल ८७ दिवस वाहात राहिलं. नंतर लुइझियानाच्या बारातारिया खाडीतल्या डॉल्फिनची तपासणी झाली, फुप्फुसं खराब, आणि गाभण माद्यांपैकी फक्त २० टक्क्यांची पिल्लं जगली, जिथं तेल पोचलं नव्हतं तिथं हे प्रमाण ८३ टक्के होतं. लोकसंख्येवर परिणाम म्हणजे काय ते यातून कळतं. मेलेला डॉल्फिन फोटोत येतो हो, जन्माला न आलेल्याचा फोटो कुठून काढणार?

शिवाय तुमचे प्लॅटफॉर्म एका समुद्रातून दुसऱ्या समुद्रात ओढून नेताना बरोबर पाहुणे घेऊन जातात. ब्राझीलच्या किनाऱ्यावर सन कोरल नावाचं परकं प्रवाळ असंच १९८०च्या दशकात तेलाच्या प्लॅटफॉर्मबरोबर आलं असं मानतात, आता ते खडकांवर पसरून स्थानिक जिवांची जागा खातंय. व्हिडिओत तेही छानच दिसेल, केशरी-पिवळं, फुलासारखं.

आता ज्याच्यावर येत्या काही वर्षांत तुमची खरी भांडणं होणार तो विषय, जुनं झाल्यावर काढायचं कसं. जगातला पहिला समुद्री पवनप्रकल्प डेन्मार्कमधला विंडेबी, १९९१ चा, ११ पवनचक्क्या, २०१७ मध्ये उचलून नेला. तेलाचे जुने प्लॅटफॉर्म तर हजारोंनी आहेत. अमेरिकेत त्यातले ५०० हून जास्त मुद्दाम बुडवून किंवा वरून कापून कृत्रिम रीफ, म्हणजे माशांसाठी बनावट खडक, केलेत. युरोपात १९९५ च्या ब्रेंट स्पार प्रकरणानंतर (ही शेल कंपनीची तेल साठवायची तरंगती टाकी, ती समुद्रात बुडवायला ग्रीनपीस या पर्यावरण संघटनेनं विरोध केला होता) १९९८ मध्ये जवळपास सरसकट बंदी आली, समुद्रात काही सोडायचं नाही. आणि त्या ब्रेंट स्पारचा किस्सा असा की ग्रीनपीसनं आत किती तेल आहे त्याचा अंदाज फुगवून सांगितला होता, नंतर माफीही मागितली, आणि वर त्या स्पारच्याच अंगावर थंड पाण्यातलं दुर्मीळ प्रवाळ वाढलेलं सापडलं! म्हणजे सोडलं असतं तर बरं झालं असतं का? तसंही नाही म्हणता येत. जुन्या प्लॅटफॉर्मखाली तेलकट चिखलाचे ढिगारे असतात, ते हलवले तरी त्रास, ठेवले तरी त्रास, आणि स्फोटकं लावून पाय तोडले तर आजूबाजूचे मासे मरतात, कासवं जवळ असली तर तीही. शिवाय रीफचा पर्याय कंपनीला स्वस्त पडतो, हे विसरू नका, त्यामुळे 'माशांसाठी ठेवतोय' हे वाक्य ऐकलं की मी आधी वाचलेले पैसे कुणाच्या खिशात गेले ते बघतो. एकेक स्ट्रक्चर खाली उतरून तपासा आणि मग ठरवा, आणि काढायचे पैसे पहिल्या दिवसापासून वेगळे काढून ठेवा, शेवटी कंपनी विकून मोकळं व्हायचं हा धंदा बंद करा.

सगळ्यात जास्त चीड आणणारा शब्द सांगू का? 'नगण्य'. प्रत्येक प्रकल्पाचा अहवाल वेगळा आणि प्रत्येकात लिहिलेलं की आमचा परिणाम नगण्य. इकडे ऐंशी खांब, नगण्य. शेजारी शंभर खांब, नगण्य. पलीकडे तळाखालचं तेल-वायू शोधायच्या सर्व्हेच्या एअरगन महिनोन्‌महिने दर काही सेकंदांनी धडाड धडाड, नगण्य. अरे पण तो पॉर्पॉइज एकच आहे ना, तो या तिन्ही ठिकाणाहून पळतोय! त्याला तुमच्या परवान्याच्या हद्दी माहीत नाहीत. हे सगळे नगण्य एकत्र मांडून बेरीज करायची जबाबदारी कुणाची? परवाना देणाऱ्यांनो, ही तुमची आहे, कंपनीची नाही, कंपनी कशाला करेल.

मी पवनचक्क्यांच्या विरोधात नाही, उलट समुद्र तापतोय त्यानं जे होतंय त्याच्यापुढे खांबाचं नुकसान लहान वाटतं कधीकधी. पण 'आम्ही हवामान वाचवतोय' म्हणून मोजणीतून सुट्टी मिळत नाही. आणि खांब रोवायच्या आधी किमान काही वर्षांची नोंद हवी, कारण आधीचं माहीत नसेल तर नंतरच्या आकड्याला अर्थच काय? रोवल्यावर त्या प्राण्याचं आयुष्य जेवढं तेवढी देखरेख हवी, आणि कच्ची आकडेवारी सगळ्यांना डाउनलोड करता येईल अशी हवी, गोपनीय व्यावसायिक माहिती म्हणून कपाटात नको. माशाची संख्या हे व्यापारी गुपित कसं असेल, मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

पुढच्या अहवालाच्या पहिल्या पानावर, त्या फोटोच्या जागी, एवढंच छापा: या जातीचे या समुद्रात आधी एकूण एवढे होते, आता एवढे आहेत, आणि आमच्या शेजारच्या सगळ्या प्रकल्पांसकट यातला आमचा वाटा एवढा. माहीत नसेल तर 'माहीत नाही' असं छापा, मी नावं ठेवणार नाही. उरलेली नऊशे नव्व्याण्णव पानं मी वाचतोच, सवय आहे.

तुमच्या अहवालांचा एक चिकट वाचक